चारशे किलोमीटर जास्त

सॅन फ्रान्सिस्को ते टोकियो हवाई अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर. इंटरनेटवरची गणकयंत्रं त्याला विमानाच्या वेगाने भागतात आणि 'सव्वानऊ तास' सांगून मोकळी होतात. विमानांचे फ्लाइट प्लॅन करणं हे माझं काम, त्यामुळे हा भागाकार दिसला की चीड येते. त्यात वाराच नसतो.

जानेवारीतली रात्रपाळी होती. चार्टवर जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्यांचा पट्टा, जपानपासून पूर्वेकडे ताणलेला, गाभ्यात १६० नॉटच्या (ताशी सुमारे ३०० किलोमीटरच्या) वर. वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात जपानमध्ये फुगे सोडून मोजले तेच हे वारे, हिवाळ्यात सर्वांत जोरकस. पश्चिमेला जायचं म्हणजे ते थेट तोंडावर. सरळ वाटेवर सरासरी हेडविंड, म्हणजे समोरून येणारा वारा, ताशी १५० किलोमीटर. विमानाच्या ताशी ९०० मधून वजा केले की उरतात ७५०, म्हणजे अकरा तास चार मिनिटं. वाट वर, बेरिंग समुद्रावरून नेली तर अंतर ८,७००, पण वारा फक्त ८०. वेळ दहा तास सदतीस मिनिटं. सत्तावीस मिनिटं आणि तीन टनांहून जास्त इंधन वाचत होतं. तेवढं इंधन भरावं लागलं असतं, तर वजनाच्या मर्यादेमुळे तेवढाच कार्गो खाली उतरला असता.

कॅप्टनचा फोन आला. "चारशे किलोमीटर जास्त कशासाठी?" मी आकडे वाचून दाखवले. त्यांचा खरा प्रश्न अल्टरनेटचा, म्हणजे अडचण आली तर उतरायच्या पर्यायी विमानतळाचा होता, आणि तो रास्तच होता. दोन इंजिनांच्या विमानाला ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ वाटेत सतत हाताशी लागतो. कोल्ड बे हे अलास्कातलं जेमतेम वस्तीचं गाव, पण धावपट्टी तीन किलोमीटरच्या वर. तिथला बर्फ, आडवा वारा, ढगांची उंची, एकेक ओळ आम्ही दोघांनी मिळून तपासली. मग त्यांनी सही केली. असे खोदून विचारणारे कॅप्टन मला आवडतात. न वाचता सही करणाऱ्यांची भीती वाटते.

विमान दहा तास एक्केचाळीस मिनिटांत उतरलं. त्याच रात्री दुसऱ्या कंपनीचं विमान सरळ वाटेने गेलं होतं. जेट स्ट्रीम अंदाजापेक्षा लवकर दक्षिणेला सरकला आणि ते दहा तास एकोणपन्नासमध्ये पोहोचलं. फरक आठ मिनिटांचा. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी विचारलं, आठ मिनिटांसाठी एवढा वळसा? निकाल कळल्यावर असे प्रश्न विचारणं सोपं असतं. प्लॅन करताना माझ्यासमोर सत्तावीस होते, आणि कार्गो जागेवर राहिला होता.

तरी त्या रात्रीचे सहा-सहा तासांचे वाऱ्याचे चार्ट मी जपून ठेवलेत. जेट स्ट्रीम सरकणार याची खूण त्यांत कुठे दिसते का, ते अजून शोधतो आहे. तिसऱ्या चार्टवर, अलास्काच्या अल्यूशियन बेटांच्या दक्षिणेला, एक वळण आहे खरं. पण तेवढ्यावरून मी तीन टन कार्गो उतरवला असता का?