कुत्रा कुठाय?

"ताई, हा माणूस जगला कसा?"

मुद्रितशोधक काकांचा फोन, सकाळी साडेसातला. मी चहा गाळत होते. बारा अनुवादित कथांचं पुस्तक दोन दिवसांत छापखान्यात जायचं होतं. त्यातली जॅक लंडन या अमेरिकन लेखकाची गोष्ट मी केलेली. अलास्काच्या शेजारच्या युकॉनमध्ये कडाक्याच्या थंडीत एकटा निघालेला माणूस, त्याचे पाय ओले होतात, आता जाळ पेटला तर वाचेल.

"अहो काका, शेवटी पेटते ना शेकोटी."

"मी वाचली तेव्हा तो मेला होता. तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी. आणि कुत्रा कुठाय?"

माझ्या गोष्टीत कुत्रा नव्हताच.

चहा तसाच राहिला. शोधायला दहा मिनिटं लागली, लाज वाटायला तेवढीही नाही. लंडनने 'टू बिल्ड अ फायर' या एकाच नावाच्या दोन गोष्टी लिहिल्यात. पहिली 1902 ची, 'यूथ्स कंपॅनियन' या मुलांच्या साप्ताहिकातली. तिच्या नायकाला नाव आहे, टॉम व्हिन्सेंट. हातांवर जन्मभराचे वण घेऊन का होईना, तो वाचतो आणि एकट्याने प्रवास करू नये हे शिकतो. दुसरी 1908 ची, 'सेंच्युरी' मासिकातली. त्या माणसाला नाव नाही, सोबत कुत्रा आहे, आणि माणूस मरतो. जगभर गाजली ती ही. मी नेटवरून उतरवून घेतलेली फाइल पहिलीची होती. नाव तेच, लेखक तोच, म्हणून पुढे काही तपासलंच नाही.

संपादक सर चिडले नाहीत, हे जास्त वाईट. "दोन्ही त्याच्याच ना? मग राहू द्या की," म्हणाले. मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण काकांचा प्रश्न डोक्यातून जाईना.

कॅलिफोर्नियात एक मैत्रीण आहे, तिला निरोप टाकला. लंडनची पत्रं 1988 मध्ये तीन खंडांत छापली गेलीत, तिच्या विद्यापीठात ती होती. आमच्याकडे रात्र झाल्यावर तिने पानांचे फोटो पाठवले. 'सेंच्युरी'च्या गिल्डर या संपादकाला डिसेंबर 1908 मध्ये लिहिलेल्या पत्रात लंडनने सगळा खुलासा केलाय. पहिली मुलांसाठी लिहिली, विषय जबरदस्त होता पण आपल्या हातून त्याला न्याय मिळाला नाही, हे वर्षानुवर्षं सलत राहिलं. दुसरी लिहिताना पहिली जवळ नव्हती. पाय ओले झाले, जाळ पेटला नाही, म्हणून युकॉनमधल्या क्लोंडाइक या सोन्याच्या मुलखात एकेकटी माणसं मरत गेली, असंही त्यात आहे.

हे त्याला ऐकीव नव्हतं. जुलै 1897 मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो सोन्याच्या मागे निघाला. चिलकूट खिंडीतून पाठीवर ओझी वाहिली, स्ट्यूअर्ट नदीच्या मुखाजवळ लाकडी खोपटात हिवाळा काढला. ताजं अन्न नाही, स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या. 1898 च्या उन्हाळ्यात होडीने युकॉन नदी उतरत परतला, तेव्हा गाठीला सोनं होतं साडेचार डॉलरचं. हेंडरसन ओढ्यावर सोनं काढायचा हक्क त्याने स्वतः नोंदवला होता, आणि दुसऱ्या गोष्टीतला माणूस त्याच ओढ्याकडे निघालेला असतो. त्याचे हजारो कागद आज सॅन मरिनोच्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत, संपादकांच्या नकाराच्या चिठ्ठ्यासुद्धा. नकार जपून ठेवले या पठ्ठ्याने, आणि स्वतःची छापून आलेली गोष्ट मात्र वेळेला हाताशी नाही!

दुसरी गोष्ट नव्याने करायला सरांकडे पाच दिवस मागितले. मिळाले.

अडले ते नावावर. आधी 'शेकोटी' दिलं होतं. आमच्या निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. शेकोटी म्हटलं की चार टाळकी आली, गप्पा आल्या, कोणीतरी शेंगा भाजत असणार. टॉम व्हिन्सेंटला ते कसंबसं चाललं असतं. या दुसऱ्या गोष्टीत उणे 75 फॅरनहाइट, थुंकी जमिनीवर पडायच्या आत हवेतच तडतडते. स्प्रूसच्या झाडाखाली पेटवलेल्या आगीवर वरच्या फांद्यांचा बर्फ कोसळतो. मग माणूस बधिर तळव्यांत धरून सत्तर काड्या एकदम ओढतो, तरी जमत नाही. जवळ बसलेला कुत्रा नुसता बघतोय. याला शेकोटी कुठल्या तोंडाने म्हणू? 'विस्तव' लिहिलं तर चुलीपाशी बसल्यासारखं वाटलं. शेवटी 'जाळ' ठेवलं. गोष्टीत जिथे जिथे शेकोटी होती तिथे तिथे जाळ केला, अगदी शोधून शोधून.

प्रुफं काकांकडून परत आली. सत्तावीस पानांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका आणि शेवटच्या ओळीत एक गोल. माणूस बर्फात गार झालाय, कुत्रा थोडा वेळ थांबतो आणि मग तळाकडे निघतो, जिथे खायला घालणारी दुसरी माणसं आहेत, जाळ आहे. 'जाळ'भोवती लाल गोल, आणि समासात काकांचं बारीक अक्षर: "इथे शेकोटी."