तुम्ही विचारलेत म्हणून: बाई असून मी मुलांना हे का शिकवते

दहावीच्या मुलांना पुरुषाच्या जननेंद्रियांविषयी एका बाईने इतक्या तपशिलाने का सांगावे, हा प्रश्न मला पालकसभेत विचारला जातो, इंदुरात रामबागेतल्या हळदीकुंकवाला विचारला जातो आणि माझ्या नणंदाही अधूनमधून विचारतात. ‘शाळेत सर आहेत की’ ही पुस्ती त्याला हमखास जोडलेली असते. सर आहेत, पण ते भौतिकशास्त्र शिकवतात. जीवशास्त्र मी शिकवते, आणि वृषणाचे कार्य समजावून सांगायला स्वतःला वृषण असावे लागते हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

धड्यात आकृती असते, तिला नावे द्यायची असतात. मुलांच्या निनावी चिठ्ठ्यांमधले प्रश्न मात्र आकृतीत नसतात. एक बाजू खाली का लोंबते, सकाळी जाग येते तेव्हा ताठरता का असते, स्वप्नात वीर्य गेले तर शरीर खंगते का. शिश्नात हाड नाही आणि ताठरता स्नायूंच्या जोरानेही येत नाही. चेतातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड सुटते, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू सैलावतात, स्पंजासारख्या ऊतीत रक्त भरते आणि ते बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. मुळात ही सैलावण्याची क्रिया आहे, म्हणून ती भीतीने बिघडते. झोपेत ती रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप होते आणि सकाळची ताठरता बहुधा त्यातलीच शेवटची असते. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हे तर मुले घरून ऐकूनच येतात. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो, शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के, आणि तेही तारुण्यात आल्यापासून अखंड तयार होत राहतात. या भीतीपायी खरोखर आजारी पडणारे पुरुष इतके आहेत की मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये या विकाराला ‘धात सिंड्रोम’ (धात म्हणजे वीर्य) असे नाव दिले. आमच्या शहराबाहेरच्या भिंतींवर ‘मर्दाना कमजोरी’च्या जाहिराती याच भीतीवर पोसल्या जातात.

शुक्राणू तयार होण्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते, म्हणून वृषणे पोटाबाहेर लोंबतात. ती ज्या वृषणरज्जूला लोंबतात, तिच्यातूनच त्यांचा रक्तपुरवठाही येतो. आता जे सांगते ते या रज्जूविषयी आहे, आणि माझ्या भाच्याने, जो आता चांगला मोठा झाला आहे, परवानगी दिली म्हणूनच सांगते.

तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. अनंत चतुर्दशीच्या रात्री मित्रांबरोबर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, पाहायला गेला आणि मध्यरात्रीनंतर पोट धरून परतला. घरी येताच त्याला उलटी झाली. सगळा दोष सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या भुट्ट्याच्या किसावर गेला. ताईने ओवा आणि गरम पाणी दिले, मी पोट शेकायची पिशवी भरून दिली. कुठे दुखते असे विचारले की तो बेंबीखाली हात ठेवी आणि भिंतीकडे तोंड करी. सकाळी जवळच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींसमोर त्याचे पोट दाबून पाहिले आणि गॅसचे इंजेक्शन दिले. त्यांनी आम्हाला बाहेर जायला सांगितले नाही, आम्हालाही ते सुचले नाही. दुपारी तो पाय फाकवून भिंतीच्या आधाराने न्हाणीघराकडे निघाला, तेव्हा भाऊजी त्याच्या मागोमाग आत गेले आणि बाहेर आले ते गाडीची किल्ली शोधतच.

रुग्णालयात डॉप्लर सोनोग्राफी झाली. डाव्या वृषणाच्या रज्जूला पीळ पडला होता आणि वृषणात रक्त फिरत नव्हते. पीळ पडल्यापासून साधारण सहा तासांच्या आत तो शस्त्रक्रियेने सोडवला, तर वृषण बहुतेक वेळा वाचते, पण दुखणे आदल्या रात्री गर्दीतच सुरू झाले होते. काळे पडलेले वृषण काढावे लागले. उजव्या बाजूलाही तसाच पीळ पडू नये म्हणून ते टाके घालून जागेवर पक्के केले. एका वृषणावर पुरेसे टेस्टोस्टेरॉन बनते आणि मूलही होऊ शकते, हे मी ताईला पुन्हा पुन्हा सांगत होते आणि ती ऐकत नव्हती.

सहामाही परीक्षेत याच आकृतीला त्याला पूर्ण गुण मिळाले होते आणि वृषणरज्जूला बाण त्याने अचूक दाखवला होता. मग सांगितले का नाहीस, असे मी नंतर विचारले. तो म्हणाला, ‘मावशी, तुम्ही दोघी तिथेच होतात ना.’

हे वाक्य तुमच्या बाजूचे आहे, हे मला कळते. बाईसमोर त्याचे तोंड उघडले नाही, मग सांगायला पुरुषच हवा, असे तुम्ही म्हणाल. मी याच वाक्यावरून उलट म्हणते: वर्षभर एका बाईच्या तोंडून ‘वृषण’ हा शब्द ‘यकृत’ या शब्दाइतक्याच सहजपणे ऐकला असता, तर कदाचित तो बोलला असता. कदाचित. 2007 मध्ये मध्य प्रदेश सरकारने शाळांमधला किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. तपशील वाढवल्याने लाज कमी होत नाही, असे तेव्हाची मी म्हणत असे. तिच्याशी माझा वाद अजून चालूच आहे, आणि ती हरली आहे असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण आजही काही मुले या तासाला मान वर करत नाहीत.

यंदा हा धडा दिवाळीनंतर आहे. ज्यांना आपल्या मुलाला या तासांना बसवायचे नसेल, त्यांनी तसे लेखी कळवावे. मात्र जांघेत किंवा ओटीपोटात एकाएकी कळ आली, तर ती तासाभरात मोठ्यांना सांगायची आणि डॉक्टरांना खालीही तपासायला लावायचे, हे त्याला घरात कोण सांगणार आहे, ते त्याच चिठ्ठीत लिहावे.