हुकूमनामा मिळाला, जमीन काही मिळेना: कोर्टवाटपाचा माझा अनुभव

कोर्टात केस जिंकली की जमीन आपली झाली असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी लिहितेय, त्यातही माहेरच्या शेतीत हिस्सा मागणाऱ्या बायकांसाठी. माझा निकाल माझ्या बाजूनं लागला, अपिलात टिकला, आणि मग तो कागद, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, तालुक्याच्या एका ऑफिसात जाऊन जो बसला, ते आठवलं की अजून डोकं तापतं.

वडील २००२ ला वारले. जमीन वडिलोपार्जित, नदीकाठची, सगळी उसाची. घरात आई, भाऊ आणि मी. माझं लग्न १९९१ चं. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना हिस्सा देणारी दुरुस्ती केली होती, पण तोवर लग्न झालेल्या मुली त्यातनं वगळल्या, म्हणजे मी बाहेर. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली, मुलगी जन्मापासून हिस्सेदार, लग्न झालेलं असो नसो. भावाला घरात बसून समजावलं, पाहुण्यांकडनं सांगून बघितलं, "आक्का, तुला तिकडं काय कमी हाय?" एवढंच उत्तर. मग दावा घातला.

समोरच्या वकिलांचा सगळा भर सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या फुलवती निकालावर. त्यात म्हटलं होतं की ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात पाहिजे, तरच मुलीला जन्मानं हिस्सा. आमचे वडील तर आधीच गेलेले. तसं धरलं तर मला फक्त वडिलांच्या वाट्यातला तिसरा, म्हणजे एकूण जमिनीचा नववा हिस्सा, नाही धरलं तर एकूण जमिनीचाच तिसरा. उसाच्या जमिनीत नववा आणि तिसरा ह्यात किती फरक पडतो ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. २०१८ ला दानम्माच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानंच २००१ ला वारलेल्या बापाच्या मुलींना हिस्सा दिला, म्हणजे दोन निकाल दोन दिशेला, आणि खालच्या कोर्टात दोन्ही बाजूचे वकील आपापला निकाल हातात घेऊन उभे. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की हक्क जन्मानं येतो, बाप त्या तारखेला हयात असायची गरज नाही. कायद्यातलं कलम ६ तेच, त्यातला एक शब्द बदलला नव्हता, पण त्याचा अर्थ कोर्टानं लावला आणि माझा हिस्सा तिप्पट झाला. वकीलसाहेबांचा फोन आला तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली.

भावानं मग तोंडी वाटप आधीच झालंय असं काढलं. तेही टिकलं नाही, कारण २० डिसेंबर २००४ च्या आधीचं वाटप नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेलं लागतं, नुसतं तोंडी म्हणून चालत नाही, अगदीच अपवाद म्हणून सरकारी कागदातनं स्पष्ट दिसलं तरच. निकाल झाला, जिल्हा कोर्टातलं अपील फेटाळलं. हायकोर्टात जातो म्हणून भाऊ सांगत होता, मी कॅव्हेट (माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज) टाकून ठेवलं. कॅव्हेट ९० दिवसच चालतं हे लक्षात ठेवा, मुदत संपली की परत टाकायचं. आणि आता हायकोर्ट म्हणजे मुंबईची गाडी पकडायचीही गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सर्किट बेंच बसतंय, कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांचं. वकिलांनी आणि लोकांनी त्यासाठी इतकी वर्षं जे आंदोलन चालवलं त्याचं मोल आमच्यासारख्यांना कळतं.

आता खरी गोष्ट. शेतसारा असलेली जमीन दिवाणी कोर्ट स्वतः वाटून देत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५४, त्याप्रमाणं कोर्ट फक्त कुणाचा किती हिस्सा ते ठरवतं आणि प्रत्यक्ष वाटप कलेक्टरकडं पाठवतं. (घराचं वेगळं, तिथं कोर्ट कमिशनर नेमलं जातं.) कलेक्टरकडनं तहसीलला, तहसीलकडनं मोजणीला. ह्याला सगळे कोर्टवाटप म्हणतात. मी दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी करा असा कोर्टातला अर्ज) घातली, कागद खाली गेला, आणि थांबला.

"मॅडम, उभ्या उसात मोजणी होत नाही, पीक निघालं की या." टेबलावरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं. ऐकायला बरोबर वाटतं. पण नदीकाठचं रान मोकळं असतं कधी? जुलै-ऑगस्टात आडसाली लावण, दीड वर्षानं तोड, आणि तोड झाली की त्याच बुडख्यातनं खोडवा फुटायला लागतो. तोड झाली म्हणून सांगायला जावं तर तारीख पुढची, ती येईस्तोवर खोडवा कमरेएवढा, परत उभं पीक. असं करत भाऊ ऊस घालत राहिला, बिल त्याच्या खात्यावर जमा होत राहिलं, आणि तिसऱ्या हिस्स्याची मालकीण मी आवक-जावकच्या खिडकीत नंबर विचारत उभी.

एकदा तारीख मिळाली. मी सकाळी लवकर बांधावर जाऊन बसले, शेजारचे दोघं-तिघं शेतकरी आले, दुपार टळली तरी कुणी आलं नाही. फोन लागेना. आणि नंतर फाईल बघितली तर त्यावर शेरा: "उभे पीक असल्याने व अर्जदार जागेवर हजर नसल्याने प्रकरण परत." मी हजर नव्हते! उन्हात पाय भाजले माझे त्या बांधावर. तो शेरा वाचून मी तिथंच मोठ्यानं बोलले, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

पण त्या दिवशी मी मोबाईलवर वेळ आणि ठिकाण येईल असे फोटो काढले होते आणि शेजारच्या शेतकऱ्यांच्या सह्यांनिशी साधा कागद करून ठेवला होता. तोच कामाला आला. वकीलसाहेबांनी सगळं जोडून दरखास्त चालू असलेल्या कोर्टात अर्ज दिला, सोबत सुप्रीम कोर्टाचा २२ एप्रिल २०२१ चा राहुल शाह केसचा निकाल लावला. त्यात स्पष्ट आहे की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढायची, उशीर झाला तर कारण लिहून ठेवायचं. जजसाहेबांनी शेरा वाचला, फोटो बघितले, आणि संबंधित अधिकाऱ्यानं पुढच्या तारखेला लेखी खुलासा घेऊन स्वतः हजर राहावं असा हुकूम केला. तो हुकूम पोचला त्याच आठवड्यात मला ऑफिसातनंच फोन, "ताई, कधी सोयीचं पडतंय तुम्हाला?" इतके दिवस मॅडम, आता ताई.

म्हणून सांगते, ऑफिसात हात जोडत बसू नका, अडलं की लेखी घेऊन कोर्टाकडं परत या. हुकूम करणं जसं कोर्टाचं काम तसं तो पाळला जातोय का बघणंही कोर्टाचंच काम आहे, पण कुणी कागद पुढं ठेवल्याशिवाय त्यांना कळणार कसं? आणि हे माझ्या एकटीचं नाही. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं देशभरातला आकडा मागवला तेव्हा ८ लाख ८२ हजारांच्या वर दरखास्ती पडून असल्याचं निघालं. प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) तर १८७२ सालीच लिहून ठेवलंय की हिंदुस्थानात पक्षकाराचे हाल हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं झाली त्याला!

मोजणीची वेळ मात्र तुम्हीच साधायची. साखर कारखान्याच्या चिटबॉयला (तोडीची पाळी बघणारा माणूस) भेटून आपल्या रानाची तोड कधी येतेय ते विचारून घ्या, त्याच्या आधीच मोजणीचा अर्ज देऊन पोच घ्या, आणि वाफे मोकळे झाले की लगेच तारीख मागा. आमची मोजणी पाचट (तोडीनंतर रानात राहिलेला उसाचा पाला) पेटवायच्या आधी झाली, मशीन लावून खुणा घेतल्या, दगड रोवले, भाऊ लांब बांधावर उभा होता, काही बोलला नाही. पुढं वाटप तक्ता, हरकतीची नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांसमोर ताबा, फेरफार, सातबारा वेगळा, हे सगळं सरळ झालं.

अजून दोन गोष्टी, ह्या आधीच सांगायला पाहिजे होत्या. महाराष्ट्रात बायकांना मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. आणि वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं अर्ज करा, बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला कोर्टाकडनं मिळणारा वेगळा नंबर) पहिल्याच दिवशी लिहून घ्या, ई-कोर्टच्या ॲपवर तारीख घरबसल्या दिसते.

आणि दाव्यातच मधल्या वर्षांच्या उत्पन्नाची मागणी घालायला वकिलांना सांगा. आम्ही घातली होती. इतक्या वर्षांच्या ऊसबिलातला माझा हिस्सा किती, त्याची चौकशी आता कोर्टात चालू आहे. कारखान्याकडनं बिलांचे उतारे मागवलेत, पुढच्या महिन्यात तारीख आहे, आणि ते पैसेसुद्धा मी सोडणार नाही.