90 किलोमीटरवरची भरती

मार्चमधल्या एका दुपारी, धुळ्यातील आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात, एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी कोल्हापूरच्या रडारच्या जुन्या नोंदींवरून काढलेला आलेख घेऊन आली. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे हे रडार 1.98 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सरळ वर सोडते. सुमारे 70 ते 98 किलोमीटर उंचीवरील इलेक्ट्रॉनांच्या घनतेतील फरकांमुळे त्यांचा अगदी क्षीण अंश परत येतो, आणि या परतलेल्या संकेतातील चढउतार जमिनीवरच्या तीन अँटेनांवर किंचित मागेपुढे उमटत असल्यामुळे त्या विलंबावरून वाऱ्याची दिशा व वेग काढता येतो.

तिने एका मार्च महिन्यातील दक्षिणोत्तर वाऱ्याची तासवार सरासरी काढली होती. प्रत्येक उंचीवर 24 तासांची लाट दिसत होती. मात्र खालच्या प्रत्येक थरात तिचे शिखर उशिरा येत होते. शिखरांच्या वेळा जोडल्यावर तासाला साधारण एक किलोमीटर उतरणारी तिरकी रेषा तयार झाली.

"सर, म्हणजे ही लाट वरून खाली येते का?"

प्रश्न अत्यंत योग्य होता आणि उत्तर नेमके उलटे आहे. अशा तरंगात शिखरे खाली सरकत असतात, तेव्हा ऊर्जा वर जात असते. सूर्याची उष्णता खालच्या थरांतील बाष्प आणि त्यावरचा ओझोन शोषून घेतात. त्यातून रोज उठणारी ही वातावरणीय भरती वर चढते. 90 किलोमीटरवर हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा काही लाख पटींनी विरळ असल्याने तोच तरंग तेथे सेकंदाला कित्येक मीटर वेगाचा वारा होतो. हे पाठ्यपुस्तकात मी अनेकदा शिकवले आहे, पण विद्यार्थिनीच्या हातच्या रेषेत ते इतके स्वच्छ उमटलेले पाहताना मला फार आनंद झाला.

90 किलोमीटरच्या वर असे रडार वाऱ्याचा वेग कमी दाखवते, म्हणून तेथील आकड्यांपेक्षा शिखरांच्या वेळांवर अधिक भर द्यावा, असे मी तिला सांगितले.

या दैनिक भरतीचा दक्षिणोत्तर वारा विषुववृत्तापासून साधारण 20 अंशांच्या आसपास सर्वाधिक जोरकस असतो, आणि धुळे, जळगाव, नंदुरबार 21 अंशांच्या जवळपास आहेत. त्यामुळे असे एखादे रडार खानदेशात असावे, असे मला मनापासून वाटते. तापीच्या खोऱ्यात अँटेनांना लागणारी मोकळी सपाट जमीन आहे आणि हे काम करू शकणारे विद्यार्थीही आहेत.