बटाटा मागितला, रताळी मिळाली

लिस्बनला पहिल्याच दुपारी एका छोट्याशा खाणावळीत मेनूकार्डावर 'बटाटा' दिसला आणि मला एवढा आनंद झाला की बायकोला हलवून दाखवला. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला हे माहिती होतं, पण तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळंच. ते 'बताता' म्हणतात, त मऊ. डिशचं नाव 'बताताश आ मुर्रू', मुर्रू म्हणजे बुक्की. सालासकट भाजलेला बटाटा बुक्कीने फोडायचा आणि वर लसूण, ऑलिव्ह ऑइल. आपण भाकरीबरोबर कांदा फोडतो ना, अगदी तसं!

तिथून स्पेनमध्ये मालागाला. अपार्टमेंटमध्ये किचन होतं, म्हटलं भाजी करू, म्हणून अताराथानास मार्केटमध्ये जाऊन ऐटीत 'बताता' मागितला तर भाजीवाल्या मावशींनी किलोभर रताळी तोलली. मी शेजारच्या ढिगाकडे बोट दाखवलं, तर म्हणाल्या, "आ, पापास!"

मग रात्री वाचत बसलो. 'बताता' मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, आणि तो रताळ्याचाच. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, तिकडच्या क्वेचुआ भाषेत 'पापा'. स्पेनमध्ये दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून 'पाताता' झाला, मालागा ज्या प्रांतात आहे त्या अंदालुसियात मात्र अजून पापाच. पोर्तुगीजांनी रताळ्याचं नाव सरळ बटाट्याला दिलं आणि रताळ्याला 'बताता दोस' म्हणजे गोड बटाटा म्हणायला लागले, आणि तेच नाव जहाजातून आपल्याकडे आलं. म्हणजे आपण इतकी वर्षं बटाट्याला रताळ्याच्या नावाने हाक मारतोय! (उपासाला दोन्ही चालतात ते एक बरं.)

पॅरिसमध्ये तो 'पोम द तेर', जमिनीतलं सफरचंद. जर्मनीत 'कार्टोफेल', हा इटालियनमधल्या ट्रफल नावाच्या भूछत्राच्या शब्दावरून, कारण दोन्ही जमिनीतून उकरून काढायचे. पॉट्सडॅमला सान्सुसी राजवाड्याच्या आवारात प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याची साधी कबर आहे आणि लोक तिच्यावर फुलांबरोबर चक्क बटाटे ठेवतात. प्रशियात बटाट्याची लागवड व्हावी म्हणून त्याने 1756 मध्ये हुकूम काढला होता. मी बराच वेळ तिथे उभा होतो, लोकांनी आठवण ठेवायची ही पद्धत मला फार आवडली.

शेवटी प्राग. चेक भाषेत बटाटा म्हणजे 'ब्रांबोर', आणि हे नाव आलंय ब्रांडेनबुर्गवरून, म्हणजे पॉट्सडॅम ज्या प्रांतात आहे त्याच्याच नावावरून! सकाळी ट्रेनने तिथूनच तर निघालो होतो. संध्याकाळी रस्त्यावर उभं राहून ब्रांबोराक खाल्ला, किसलेल्या बटाट्याचं थालीपीठच म्हणा, त्यात लसूण आणि मार्जोरम, कडा एकदम कुरकुरीत. दोघांनी मिळून तीन संपवले.