आमची वाटचाल : कुलूप नसलेलं कपाट

भोसरी एमआयडीसीत सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचं, जॉबवर्क करणाऱ्यांना तोटा नाही. पण इन्सर्टच्या (धातू कापणाऱ्या छोट्या धारदार तुकड्यांच्या) कपाटाला कुलूप नसलेला गाळा विचारलात, तर 'जे' ब्लॉकमध्ये लोक आमच्याकडे बोट दाखवतील. काही कौतुकाने, बरेचसे हसत.

मागच्या गल्लीतले एक शेठ तर टपरीवर उघड म्हणतात, "तो कसला मालक, कामगारांचा हमाल आहे." कारण गुरुवारच्या सुट्टीत मला कूलंटच्या, म्हणजे कापताना धार थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीत हात घालून बसलेला त्यांनी पाहिलाय. बरं मग? मशीन दिवसभर बंद राहिली की स्लाइडवेचं, म्हणजे सरकत्या भागांचं, तेल वर येऊन थर धरतं, खाली हवा पोचत नाही, आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला सडक्या अंड्यांचा वास. त्या पाण्यात आठ तास पोरांनी हात घालायचे, बोटांना खाज, चिरा, आणि आपण केबिनमधून क्वालिटीवर भाषण द्यायचं? तेल काढून टाका, रिफ्रॅक्टोमीटरने कूलंट किती दाट आहे ते बघा, आणि माशांच्या टँकमधला छोटा एअर पंप इन्व्हर्टरवर लावून टाकीत सोडा. स्वस्तात काम होतं.

कुलपाची अट मात्र माझी नाही, मामांची. मामा आमचे सेटर, म्हणजे मशीनवर जॉब लावून देणारे; कागदावर नसले तरी पहिल्या दिवसापासूनचे भागीदार. पहिला मायक्रोमीटर त्यांनीच जुन्या बाजारातून रविवारी उचलून आणला. रॅचेट अडकलेलं होतं. त्यांनी तो सगळा उघडला, रॉकेलमध्ये धुतला, झीरो लावला, स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्यांवर, तपासला. आजही त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही, मी लावलेला तर नाहीच. तेव्हा मामा म्हणाले होते, "शेठ, कपाटाला कुलूप लागलं त्या दिवशी मी घरी."

हिशेब साधा आहे. सीएनएमजी १२०४०८ या इन्सर्टला चार धारा. प्रत्येक धारेसाठी किल्लीवाल्यापुढे उभं राहायचं, "परवाच तर दिली होती" हे ऐकून घ्यायचं. मग पोरगा मेलेली धारच चालवतो. शेठची एक धार वाचते आणि डझनभर जॉब रीवर्कला जातात. रजिस्टरमध्ये मात्र बचत दिसते.

आता २०१९. हे सविस्तर सांगतो, कारण त्याबद्दल लोक काहीही बोलतात. गाड्यांची विक्री पडली, पुढच्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम, येणार म्हणून जुन्या मॉडेलांचे पार्ट कोणी उचलेना. आमचा सगळा भार एका मोठ्या कंपनीवर. त्यांनी शेड्यूल निम्म्याहून खाली आणलं आणि मागचं पेमेंटही अडकवलं. कायदा आहे, २००६ चा. लेखी करार असला तरी छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. पण तक्रार केली की ऑर्डर बंद, हा न लिहिलेला कायदाही आहे. (सप्लायर मंडळींनो, इनव्हॉइसवर व्याजाची ओळ छापून ठेवा. पुढे उपयोगी पडते.)

त्याच महिन्यात मागच्या गल्लीतल्या शेठनी आमचे दोन ऑपरेटर वाढीव पगारावर नेले आणि कास्टिंगचा जॉब नगाला एक रुपया कमी सांगून पळवला. माणसं नेली याचा राग नाही, ज्याला जास्त मिळेल तिथे तो जाणारच. राग याचा की, "तो गाळा दिवाळीपर्यंत बंद पडतोय" हे सांगून नेली.

मी सगळ्या पोरांसमोर लेजर आणि शेड्यूल दोन्ही वर्कबेंचवर ठेवलं. कोणाकडून किती येणं, भाडं किती, हप्ता किती, सगळं. म्हटलं, आता तुम्हीच बोला. ठरलं ते त्यांच्या तोंडून ठरलं. एकच शिफ्ट, कोणाला काढायचं नाही, आणि रिकाम्या मशीनवर हेल्परांनी सेटिंग शिकायचं. फॅनुकचे (मशीनच्या कंट्रोलरचे) प्रोग्राम मी शिकवायचो, जॉब पकडणारे सॉफ्ट जॉ बोअर करणं आणि डायलवर रनआउट, म्हणजे जॉब फिरताना हलतो ते, काढणं मामा. शिव्यांसकट.

तेव्हा हडपसरचे पंपवाले काका आले. त्यांचा माल पाच नग, दहा नग, दरवेळी वेगळा शाफ्ट, आणि सगळा एसएस ३१६, म्हणजे स्टेनलेस स्टील. असं काम कोणाला नको असतं; सेटिंगलाच दिवस जातो. मागच्या गल्लीतून ते आधीच परत आले होते. पण आमच्याकडे आता प्रत्येक मशीनवर सेटिंग करणारा माणूस उभा. शिवाय ३१६ ला बोथट धार लावली की ती कापत नाही, घासते. कातडी कडक होते आणि पुढचा कट आणखी बिघडतो. तिथे धार न विचारता बदलता आलीच पाहिजे. काकांनी पहिला लॉट उचलला तेव्हा निम्मे पैसे रोख दिले, आणि पुढची ऑर्डर अॅडव्हान्सवर. दिवाळीचा बोनस त्यातून झाला. आजही काका स्वतः स्कूटरवर ड्रॉइंग घेऊन येतात, ईमेलवर पाठवत नाहीत.

त्यानंतर लॉकडाउन वगळता बरं चाललंय. नवीन मशीन आली, शेजारचा गाळा घेतला.

मुलगी एमबीए करते. ती सांगत होती की एटीअँडटी या टेलिफोन कंपनीत उभं आयुष्य काढलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या गृहस्थांनी १९७० साली हेच लिहून ठेवलंय: आधी सेवा, मग नेतृत्व. मी म्हटलं, आमचे गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. पण त्या ग्रीनलीफची कसोटी मला पटली. ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का, स्वतःच्या बुद्धीने चालायला लागली का, एवढंच बघायचं. नाहीतर हल्ली कामगारांना वाढदिवसाचा केक कापून दिला की शेठ लोकांना वाटतं झाली सेवा.

परवा त्या मोठ्या कंपनीचे खरेदीवाले साहेब नवीन ड्रॉइंग घेऊन आले. मुद्दल त्यांनी कधीच दिलंय, व्याज नाही. लातूरहून बर (मशीनखाली पडणारा धातूचा कीस) उचलायला आलेला पोरगा आता आमचा शॉप इन्चार्ज आहे. त्याने ड्रॉइंग उलटसुलट पाहिलं, टॉलरन्सवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "होईल साहेब. मागचं व्याज जमा झालं की सायकल टाइम सांगतो."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, इन्चार्ज तो आहे, त्याच्याशी बोला.