चार्जर लावला की लॅपटॉप रांगायचा

माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय-फाइव्ह ८२५०यू आहे. मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, टर्बोत ३.४ पर्यंत. वर उबुंटू, म्हणजे लिनक्स. मध्यंतरी या प्रोसेसरने ४०० मेगाहर्ट्झवर जे बस्तान मांडलं ते हलेचना. टाइप केलेली अक्षरं स्क्रीनवर मागाहून उमटायची.

पहिला संशय अर्थात तापण्यावर. पण तापमान ४५ अंशांच्या आत आणि पंखा जवळजवळ गप्प. ४०० मेगाहर्ट्झवर तापणार तरी काय म्हणा!

मग गव्हर्नर पाहिला, म्हणजे प्रोसेसरने कधी किती वेग घ्यायचा हे ठरवणारा लिनक्सचा भाग. तो 'पॉवरसेव्ह' निघाला. हे नाव दिसलं की लोक लगेच 'परफॉर्मन्स करा' म्हणतात, आणि मला तो सल्ला नेहमीच उथळ वाटतो. प्रोसेसरचा वेग सांभाळणाऱ्या जुन्या एसीपीआय ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे खरोखरच तळाचा वेग. इंटेल पी-स्टेट या नव्या ड्रायव्हरमध्ये मात्र तोच पॉवरसेव्ह कामाचा बोजा वाढला की टर्बोपर्यंत चढतो. तरीही बदलून पाहिला. वीज वाचवणारं टीएलपी बंद केलं, तापमान सांभाळणारं थर्मल्ड थांबवलं. ढिम्म. कमाल वेगाची मर्यादा ३४००००० किलोहर्ट्झ, म्हणजे शाबूत. लिनक्स वेग मागत होतं, खालून मिळत नव्हता.

धागा सापडला तो वीज गेल्यामुळे. टर्मिनलवर प्रोसेसरचा वेग दाखवणारं टर्बोस्टॅट चालू होतं, मुद्दाम बोजाही टाकलेला. दिवे गेले आणि ४००चे आकडे बघता बघता २८००, ३१०० झाले. बॅटरीवर लॅपटॉप मंद व्हायचा, तर हा पळायला लागला! वीज आली, पुन्हा ४००. बॅटरी कधीपासून ६१ टक्क्यांवर का अडलीय, हेही तेव्हाच कळलं.

प्रोसेसरला प्रोकहॉट नावाची एक सिग्नलची पिन असते. आपण तापलोय हे त्याने बाहेर कळवायचं, हे तिचं मूळ काम. पण ती उलट दिशेनेही चालते, म्हणजे मदरबोर्डही तिच्यावरून 'हळू चल' असा हुकूम सोडू शकतो. या लॅपटॉपच्या चार्जरच्या गोल टोकात मधोमध एक बारीक पिन आहे. चार्जर किती वॅटचा, ते लॅपटॉपला तिच्यातून कळतं. ओळख पटली नाही तर बॅटरी चार्ज करणं बंद आणि प्रोसेसरचा गळा आवळलेला. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये पाहिलं, तर अडॅप्टरचा प्रकार 'अननोन'. टोक हातात घेऊन उजेडात धरलं, ती पिन एका बाजूला वाकलेली होती.

नवा चार्जर येईपर्यंत काम अडलं होतं. म्हणून एमएसआर टूल्सनी प्रोसेसरच्या आतल्या १एफसी या रजिस्टरचा शून्यावा बिट उतरवला. मदरबोर्डचा तो हुकूम मानायचा की नाही, हे या बिटवर ठरतं. सिक्युअर बूट ही बायोसमधली सुरक्षेची सोय चालू असताना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, हे करू देत नाही, म्हणून ती आधी बंद करावी लागली. बिट उतरताच वेग आला, पण रीस्टार्ट केलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या. स्वतः तापल्यावर वेग कमी करायची प्रोसेसरची सोय यानंतरही शाबूत राहते, मात्र मदरबोर्डच्या इशाऱ्याला तो बहिरा होतो. चार्जर खरोखरच कमी वॅटचा असेल तर हा उद्योग करू नये. माझा ६५ वॅटचाच होता, म्हणून धीर केला.

नवा चार्जर लावल्यावर बायोसने ६५ वॅट ओळखले, बॅटरी ६१च्या पुढे सरकली. सिक्युअर बूट आणि टीएलपी परत चालू केलंय. गव्हर्नर पॉवरसेव्हच ठेवलाय.